घरातल्या अपंग माणसासाठी न्हाणीघर-संडासाची सोय : पैसा कुठून आणि कसा मिळवावा?



आपल्या कार्यक्षेत्रात घरे पक्की झाली, घरोघरी संडासही आले. पण ते बांधताना विचार झाला तो धडधाकट माणसाचाच. दोन पायऱ्या चढून जायचे, अरुंद दार, आत उकिडवे बसायचे भांडे आणि खाली चकचकीत फरशी. घरात कुणाचा अपघातात पाय गेला किंवा अर्धांगाचा झटका आला, की स्वतःच्याच घरातला संडास त्याला परका होतो. मग दोघांनी धरून न्यायचे, नाहीतर त्याने पाणी पिणेच कमी करायचे. बायामाणसांचे हाल तर विचारूच नका. घरातली माणसे रानातून येईपर्यंत ती तशीच कळ काढतात. उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात आलेले सभासद हा विषय जाता जाता, आवाज खाली करून काढतात. लाजण्यासारखे त्यात काही नाही, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, 'न्हाणीघर दुरुस्ती अनुदान' अशा नावाची योजना शोधत फिरू नये. पैसा दोन-तीन ठिकाणांहून जमवावा लागतो, आणि त्यातले बहुतेक दरवाजे एकाच किल्लीने उघडतात. ती किल्ली म्हणजे अपंगत्वाचा दाखला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. हातपाय गेलेलेच नव्हे, तर कमी दिसणारे आणि कंपवाताचे रुग्णही त्यात येतात. सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागते. अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर भरायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि दाखल्याबरोबर यूडीआयडी कार्ड मिळते. सरकारी कागदात आता 'दिव्यांग' हा शब्द चालतो, अर्जातही तोच लिहावा.

दाखल्याच्या खालोखाल महत्त्वाचे म्हणजे कामाचा अंदाज. नुसते "मदत मिळावी" असे लिहिलेल्या अर्जाला कुणी विचारत नाही. गवंड्याला घरी बोलवा, माप घ्या आणि कागदावर रक्कम लिहून घ्या. चाकाची खुर्ची जायची असेल तर दार मोकळे ३ फूट हवे आणि ते बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. पायरीऐवजी उतार करायचा तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी धरा. त्याहून उभा उतार केला तर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते, उतरताना ती हातातून सुटतेही. बैठक दीड फुटाच्या आसपास उंच असावी, बाजूच्या भिंतीला धरायला दांडा आणि खाली खरबरीत फरशी. खुर्ची आत वळवायची तर ५ फूट मोकळी जागा लागते. ती नसेल तर खुर्ची दाराशी लावून दांड्याच्या आधाराने सरकता येईल अशी मांडणी करून घ्यावी. दांडा मात्र भिंतीत खोलवर, सिमेंटात बसवावा. नुसत्या टाईलला स्क्रूने लावलेला टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही.

आता पैशाकडे वळू. सर्वांत जवळचा पैसा आपल्या ग्रामपंचायतीत आहे. घरपट्टी आणि इतर स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा, असा शासनाचा नियम आहे. पूर्वी तो ३ टक्के होता. समजा, पंचायतीचे स्वउत्पन्न सहा लाख आहे, तर तीस हजार रुपये यासाठी बाजूला पडले पाहिजेत. पुष्कळ गावांत ही रक्कम सगळ्यांना सारखी वाटून टाकतात. तीस जण असले तर वाट्याला हजार येतात, आणि ते बाजारहाटातच संपतात. सरपंचाला कुणाची नाराजी नको असते, हे आम्ही समजू शकतो. पण ज्याला संडासापर्यंत जाताच येत नाही आणि ज्याचे चालण्या-फिरण्याचे काही अडत नाही, त्या दोघांची गरज सारखी कशी? एका वर्षी दोन-तीन घरांचे काम, पुढल्या वर्षी दुसऱ्या घरांचे, असा क्रम ग्रामसभेतच ठरवून घ्यावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा. त्याआधी अर्ज, दाखला आणि अंदाजपत्रक ग्रामसेवकाकडे देऊन पोच घ्यावी, आणि सभेत विषय निघाला की उठून बोलावे. काम आधी आणि अर्ज मागून असे करू नये. पाहणीला आलेल्या माणसाला जुनी अडचण दिसली पाहिजे.

जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातही असाच ५ टक्के हिस्सा असतो. त्यातून काय मिळते हे प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे, म्हणून पंचायत समितीत समाजकल्याणच्या टेबलावर चौकशी करावी.

अपंगत्व अपघाताने आले असेल तर आणखी एक वाट आहे, आणि तिथे दिवस मोजावे लागतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात, पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख आणि दोन्ही गेल्यास २ लाख रुपये मिळतात. २०२३ पासून यात विमा कंपनी मध्ये नाही. वय १० ते ७५, आणि शेतकऱ्याबरोबर घरातल्या आणखी एका माणसालाही लाभ आहे. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. घरचे सगळे दवाखान्यात गुंतलेले असतात आणि नेमके तेच दिवस निघून जातात. तेव्हा भाऊबंदांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावे.

म्हाताऱ्या माणसांचे गुडघे गेले म्हणून अपंगत्वाचा दाखला मिळेलच असे नाही. त्यांच्यासाठी राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. ६५ वर्षे पूर्ण आणि कुटुंबाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत, अशांना एकदाच ३,००० रुपये बँकेत, साहित्य घेण्यासाठी. त्यात कमोड खुर्ची आणि वॉकर बसतात. भिंत न फोडता आजीची सोय करायची तर कमोड खुर्ची हा सगळ्यांत स्वस्त उपाय. जुन्या भांड्यावरच ती ठेवता येते.

राहिले स्वच्छ भारत मिशनचे १२,००० रुपये. अल्पभूधारक शेतकरी आणि दिव्यांग, दोघेही त्यात धरले होते, पण ती रक्कम ज्या घरी संडासच नाही त्याच्यासाठी. जुन्याची दुरुस्ती त्यात बसत नाही. मात्र जे सभासद यंदा नवे घर किंवा संडास बांधणार आहेत, त्यांनी गवंड्याला दार ३ फुटी आणि बाहेर उघडणारे करायला आताच सांगावे. भिंत चढताना त्याला जादा खर्च फारसा नाही. पुढे तीच भिंत फोडायची तर दार, फरशी आणि मजुरी असे तिन्ही भुर्दंड पडतात.