विमान परिचारक व परिचारिकांचे शिक्षण आणि प्रशिक्षण : मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठीत 'हवाई सुंदरी' हा शब्द रूढ झाला. त्याने या व्यवसायाचे आकर्षण वाढविले, पण त्याचे खरे स्वरूप मात्र झाकले गेले. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत बोईंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात रुजू झालेली पहिली विमान परिचारिका एलन चर्च ही व्यवसायाने रुग्णपरिचारिका होती. प्रवाशांची शुश्रूषा व सुरक्षा हाच या कामाचा मूळ हेतू. त्या दृष्टीने 'विमान परिचारिका' हा शब्द अधिक सार्थ ठरतो. शिवाय आज या व्यवसायात पुरुषांचीही संख्या लक्षणीय असल्याने 'सुंदरी' हा शब्द कालबाह्यच म्हणावा लागेल.

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील महाविद्यालयांत बारावीनंतरच्या मार्गदर्शनात या क्षेत्राविषयी विचारणा होते, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा 'कोणता डिप्लोमा करावा ?' असा असतो. वस्तुतः प्रश्नाची सुरुवातच येथे चुकते.

पात्रता :
भारतात या कामासाठी किमान वय १८ वर्षे व शिक्षण बारावी उत्तीर्ण, तसेच वैद्यकीय योग्यता अपेक्षित आहे. खासगी संस्थेचा डिप्लोमा ही नोकरीची कायदेशीर अट नाही. विमान कंपनी उमेदवाराची निवड प्रथम करते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार स्वतःचे प्रशिक्षण त्यानंतर देते. खासगी अभ्यासक्रमातून संभाषण, मुलाखतीची तयारी, वेशभूषा यांचा सराव होऊ शकतो. परंतु त्याचे प्रमाणपत्र म्हणजे विमानात काम करण्याचा परवाना नव्हे. भातशेती किंवा दुग्धव्यवसायावर चालणाऱ्या कुटुंबाने कर्ज काढून असे शुल्क भरण्यापूर्वी हा भेद त्यास समजावून सांगणे हे प्राध्यापकांचे काम आहे.

उंचीच्या अटीविषयीही गैरसमज आढळतो. ही अट केवळ दिसण्यासाठी नसते. विमानातील आपत्कालीन साहित्य डोक्यावरील कप्प्यांत ठेवलेले असते व तेथपर्यंत हात पोहोचणे आवश्यक असते. एमिरेट्स ही कंपनी टाचा उंचावून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोहोचावा अशी अट घालते व किमान वय २१ वर्षे मागते. भारतीय कंपन्यांत नवोदितांसाठी वयाची कमाल मर्यादा बहुधा २७ वर्षांच्या आसपास असते. यास्तव पदवी पूर्ण करून अर्ज केला तरी उशीर होत नाही. उलट निवड न झाल्यास पदवी हाताशी राहते.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
निवडीनंतरचे प्रशिक्षण काही आठवड्यांचे असून त्याचा गाभा सुरक्षा हाच असतो. आग विझविणे, धुराने भरलेल्या कक्षात वावरणे, प्रथमोपचार व हृदय-श्वसन पुनरुज्जीवन, धोकादायक मालाची ओळख, विमान पाण्यावर उतरल्यास तराफ्याचा वापर आणि उद्दाम प्रवाशास आवरणे हे विषय त्यात येतात. प्रवासी विमानाच्या रचनेस मान्यता देताना, निम्मेच दरवाजे उपलब्ध असताना ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते हे सिद्ध करावे लागते. प्रशिक्षणार्थींकडून मोठ्या आवाजात आज्ञा देण्याचा आणि दरवाजा उघडण्याचा सराव पुनःपुन्हा करून घेतला जातो, त्याचे कारण हेच. सुमारे ५० आसनांमागे एक या प्रमाणाने १८० आसनांच्या विमानात किमान ४ कर्मचारी लागतात. विमानाचा प्रकार बदलला की त्या प्रकाराचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ठरावीक मुदतीने उजळणी व परीक्षाही असते. खाद्यपदार्थ वाढण्याचे शिक्षण यात आहेच, पण त्याचे स्थान दुय्यम.

५ सप्टेंबर १९८६ रोजी कराची विमानतळावर पॅन अॅमच्या विमानाचे अपहरण झाले. त्या वेळी मुंबईच्या नीरजा भनोत यांनी वैमानिकांना वेळीच सावध केले व प्रवाशांना बाहेर काढताना प्राण गमावले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद येथील एअर इंडियाच्या अपघातात मृत्यू पावलेल्या १० केबिन कर्मचाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातील तरुण-तरुणी होत्या. पालकांच्या मनातील भीती यामुळे वाढली असल्यास ती हसण्यावारी नेता येणार नाही.

सेवाशर्तींचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. एअर इंडियात पहिल्या गर्भधारणेबरोबर परिचारिकेची सेवा संपुष्टात आणणारी तरतूद होती. ती सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द ठरविली. मात्र सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट त्याच निकालात कायम राहिली.

मावळातील विद्यार्थी :
मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास हिंदी अवघड जात नाही. अडते ते बोलीभाषेतील इंग्रजीपाशी. हा अडसर तीन वर्षांच्या पदवी काळात महाविद्यालयातच दूर करता येईल. लोणावळा-खंडाळ्यातील हॉटेलांत सुट्टीच्या काळात केलेले काम अनोळखी पाहुण्यांशी बोलण्याची भीड घालवते व मुलाखतीतही उपयोगी पडते. काही कंपन्या पोहता येण्याची अट घालतात. पवना व इंद्रायणीच्या काठच्या मुलांना ती जड नाही, मुलींना मात्र पोहणे शिकण्याची संधी जाणीवपूर्वक द्यावी लागेल. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने लोहगावखेरीज आणखी एक विमानतळ लोणावळ्याच्या आवाक्यात आला आहे. तथापि नेमणुकीचे ठिकाण कंपनी ठरविते, आणि ते दिल्ली किंवा बंगळूरही असू शकते.