सलाईनची बाटली आणि दवाखान्याचे बिल

"डॉक्टरसाहेब, अंगात ताकदच राहिली नाही, एक सलाईन लावा." नांदेड-लातूरकडे दवाखाना चालविणाऱ्या कोणाही डॉक्टरला हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकावे लागते. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ग्लुकोजच्या 5 टक्क्यांच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे दोन-तीन कप गोड चहात असते तेवढी. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकले असेल, तोंडाने काही घेता येत नसेल, तर हीच बाटली प्राण वाचविते. थकव्यावर मात्र ते औषध नव्हे. तरीही ती लावली जाते. रोग्याला समाधान मिळते, दवाखान्याला पैसे मिळतात. नाही म्हटले की रोगी शेजारच्या दवाखान्याची पायरी चढतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

विडाल तपासणीचेही तसेच. एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉईडचे निदान पक्के होत नाही. जुन्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तरी ताप दिसला की चिठ्ठी, आणि मागोमाग महागडी इंजेक्शने. अशा चिठ्ठीमागे कधीकधी 'कट' असतो, हे वाचकांना मी सांगायला नको. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार झाला होता. तो मसुदाच राहिला.

पण शेत विकायला लावणारा खर्च वेगळाच. रक्तदाब दुखत नाही. म्हणून गोळी महिनाभर घेतली जाते, बरे वाटले की बंद होते. काही वर्षांनी अर्धांगवायू होतो किंवा मूत्रपिंडे निकामी होतात. गोळी रोजची काही रुपयांची, सरकारी दवाखान्यात तर मोफत. डायलिसिस मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, जन्मभर. शासनाची जीवनदायी योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. योजना चांगली आहे, अनेकांची ऑपरेशने तिच्यातून झाली. पण तिचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रोजच्या गोळीचा, तपासणीचा, किनवट-माहूरहून नांदेडला येण्याच्या भाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च घरातूनच जातो.

या पैशाचा शेवट कुठे होतो, हे 2023 मध्ये विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात दिसले. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर या 24 तासांत तेथे 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. औषधे आणि मनुष्यबळ कमी असल्याचे आरोप झाले. प्रशासनाने औषधटंचाई नाकारली आणि बरेच रुग्ण अखेरच्या अवस्थेत आल्याचे सांगितले. मला दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावासा वाटतो. तालुक्याला बालरोगतज्ज्ञ नाही, म्हणून खासगीत भरती. पैसे संपले की सरकारी रुग्णालय. मग तेथे खाटांपेक्षा रुग्ण जास्त होणारच.

पैसा ओतला की आरोग्य सुधारते, असे समजणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा तो देश आरोग्यावर घालवितो, तरी तेथील सरासरी आयुर्मान जपानपेक्षा पाच वर्षांहून अधिक कमी आहे. औषध आणि ऑपरेशन यांचे भाव तेथे बऱ्याच अंशी कंपन्या व रुग्णालये ठरवितात, विम्याच्या कागदपत्रांवर मोठी रक्कम जाते, आणि लठ्ठपणा, मधुमेह वाढतच राहतात. आपण भाव बांधू शकतो. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने हृदयाच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरविली. त्यापूर्वी त्यालाच लाखाच्या वर मोजावे लागत.

तूर्त एवढे करा. तिशी ओलांडली असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी दुकानात तेच पुष्कळ कमी पैशांत मिळते. आणि चालू असलेली गोळी न विचारता बंद करू नका. थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन पाहा. आपल्याकडच्या बायकांत ते बहुधा कमीच निघते, आणि त्यावर लोहाच्या गोळ्या लागतात, सलाईन नाही.