सावित्रीच्या खोऱ्यातील कुटुंबांसाठी नभोवाणी

महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावून पोलादपूर व महाड या दोन्ही तालुक्यांतून वाहत जाणारी सावित्री बाणकोटाशी जेथे समुद्रास मिळते, तेथे १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या धर्मोपदेशकांनी आपले ठाणे केले आणि आसपासच्या मुलुखात मराठी शाळा काढल्या. ख्रिस्ती संस्थांनी या देशात लोकशिक्षणाचे जे कार्य केले, त्याचीच आजची एक शाखा म्हणून त्यांच्या सामुदायिक नभोवाणी केंद्रांकडे पाहणे मला योग्य वाटते.

नभोवाणीचा आणि ख्रिस्ती धर्माचा संबंध जुना आहे. व्हॅटिकनचे केंद्र १९३१ साली स्वतः मार्कोनीने उभारले. परंतु अशा प्रबळ, दूरस्थ केंद्रांच्या बाबतीत श्रोत्याच्या वाट्याला केवळ श्रवण येते. याच्या उलट, केरळातील वायनाड जिल्ह्यात मानंतवाडी धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने १ जून २००९ रोजी सुरू केलेल्या ‘रेडिओ माट्टोली’ने शेतकऱ्यांना आणि आदिवासींना त्यांच्याच बोलींतून बोलते केले, मंगळूरच्या संत अलोशियस महाविद्यालयाने सुरू केलेले ‘रेडिओ सारंग’ही कन्नडाबरोबर कोकणी, तुळू आणि ब्यारी या भाषांना जागा देते. चालविणारी संस्था ख्रिस्ती, पण ऐकणारे व बोलणारे मात्र सर्व जातिधर्मांचे, ही या केंद्रांची खरी थोरवी होय.

कायद्याचा रोखही याच दिशेने आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या ज्या निकालात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरली, त्याचे मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते, ही मराठी वाचकाने अभिमानाने स्मरावी अशी गोष्ट. पुढे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीच्या परवान्याची मुभा मिळाली. संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी, तिच्या सेवेला किमान तीन वर्षे झालेली असावीत, निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने घडावेत आणि कोणत्याही धर्मावर आघात होऊ नये, अशा त्यातील तरतुदी आहेत. वृत्तांना बंदी असली, तरी आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविता येतात, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या हवामानाच्या व आपत्तीच्या सूचनांनाही मोकळीक आहे.

ही शेवटची मोकळीक महाड-पोलादपूरच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे डोंगर कोसळले. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली, आणि त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी या वाड्यांवरही काळाने घाला घातला. वीज गेली आणि मोबाईलचे मनोरे मुके झाले, की डोंगरवाडीतल्या घराला बाहेरच्या जगाशी जोडणारे साधन म्हणजे बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओच. मात्र महाडला असे केंद्र काढायचे, तर त्याला स्वतःचे जनित्र हवे, आणि त्याची जागा पूररेषेच्या वर हवी. शंभर वॉटचा प्रक्षेपक सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर पोहोचतो, परंतु एफ. एम.च्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने सह्याद्रीच्या सोंडांआड त्या अडतात. म्हणून महाडच्या मनोऱ्यावर पोलादपूरची खोरी विसंबू शकणार नाहीत, तेथे वेगळी सोय करावी लागेल.

संकट नसते त्या दिवसांतही या केंद्राला काम उदंड आहे. कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला आणि घरी म्हातारी माणसे, सून व मुले, अशी इकडच्या कितीतरी कुटुंबांची शतकभराची रचना आहे. भातशेतीची माहिती, गरोदर स्त्रीची काळजी, मुलांचा अभ्यास, व्यसनाने पोखरलेल्या संसाराला धीराचा शब्द आणि रविवारी सकाळी भक्तिगीत, हे सारे एकाच दिनक्रमात सहज बसते.

या दोन तालुक्यांत सेवा करणाऱ्या ख्रिस्ती संस्थांनी परवान्याचा अर्ज सरकारदरबारी दाखल करावा, आणि इतर धर्मांच्या गावकऱ्यांनी, विशेषतः वाड्यावाड्यांतील बचतगटांच्या स्त्रियांनी, कार्यक्रमांची निम्मी बाजू पहिल्या दिवसापासून आपल्या हाती घ्यावी, अशी माझी विनंती आहे.