कार्प मत्स्यशेती व विपणन

कार्प मत्स्यशेती व विपणन : सायप्रिनिडी कुलातील गोड्या पाण्याचे मासे तळ्यांत वाढवून ते बाजारपेठेत पाठविण्याचा व्यवसाय. भारतात कटला (लॅबिओ कटला), रोहू (लॅबिओ रोहिटा) व मृगळ (सिऱ्हिनस मृगाला) या देशी जाती प्रमुख असून चंदेरी कार्प, गवत्या कार्प व सायप्रिनस या विदेशी जातीही वाढवितात. कटला पाण्याच्या वरच्या थरातील, रोहू मधल्या थरातील व मृगळ तळाशी मिळणारे अन्न खातो. त्यामुळे एकाच तळ्यात त्यांची परस्परांशी फारशी स्पर्धा होत नाही.

देशी कार्प बंदिस्त पाण्यात सहसा आपण होऊन अंडी घालीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करीत व त्यात नको असलेल्या माशांची भेसळ असे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून प्रेरित प्रजनन यशस्वी केले. शुद्ध बीज विकत मिळू लागल्यावरच या व्यवसायाला शेतीचे स्वरूप आले.

शास्त्रज्ञांनी शिफारस केली होती ती सहा जातींच्या मिश्र संवर्धनाची. प्रत्यक्षात पिकाची निवड बाजाराने केली. आंध्र प्रदेशात कृष्णा व गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांमधील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात 1980 नंतर भातखाचरांची तळी झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी विदेशी जाती लवकरच सोडून दिल्या. कारण दूरच्या ग्राहकाला रोहू व कटलाच हवे होते. तेथील तळ्यांत रोहूचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक व उरलेला बहुतेक कटला असे असते. बोटुकली थेट न सोडता दाटीत मुद्दाम खुरटी ठेवलेली वर्षभराची पिल्ले सोडतात. मोकळी जागा व अन्न मिळताच ती झपाट्याने वाढतात आणि बाजारात मागणी असलेला एक किग्रॅ. किंवा त्याहून मोठा मासा लवकर हाती येतो. पारंपरिक तळ्यातून हेक्टरी जेमतेम अर्धा-पाऊण टन मासे मिळत, तेथे या पद्धतीने 6 ते 8 टन मिळू लागले.

उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खाद्याचा असतो. तेल काढलेला भाताचा कोंडा हे मुख्य खाद्य असून ते भोके पाडलेल्या पोत्यांत भरून तळ्यात टांगतात. मासे भोकांतून हवे तेवढे ओढून खातात. भातगिरण्यांच्या मुलखात हा कोंडा जवळच मिळतो, हे कोल्लेरूच्या भरभराटीचे एक साधे पण महत्त्वाचे कारण होय. त्याखालोखाल खर्च जमिनीच्या खंडाचा व बीजाचा. अनेक शेतकरी खाद्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतात व माल त्यालाच देण्यास बांधले जातात; त्यामुळे भाव पाडून मागितला तरी त्यांना नकार देता येत नाही. शिवाय मासा तळ्यात ठेवून भावाची वाट पाहिली, तर खाद्याचा खर्च चालूच राहतो.

कैकलूर, आकिवीडू यांसारख्या ठिकाणांहून मासे जवळजवळ त्यांच्याइतक्याच बर्फात, प्लॅस्टिकच्या खोक्यांत भरून मालमोटारींनी हजारांहून अधिक किमी. वरील हावड्याकडे व पुढे बिहार, आसामपर्यंत जातात. ग्राहक अंतिम किंमत देतो ती माशाची. तीत बर्फ, वाहतूक, हमाली, आडत व वाटेतील नासाडी हे सारे वसूल होते. बंगाल व आसामात अशा आयात माशाला ‘चालानी’ म्हणतात आणि स्थानिक ताज्या वा जिवंत माशापेक्षा त्याला भाव कमी मिळतो. टिकविण्यासाठी फॉर्मॅलिन वापरल्याच्या संशयावरून 2018 मध्ये आसामने, तर 2019 च्या आरंभी बिहारने पाटणा शहरापुरती, अशा माशांवर काही दिवसांची बंदी घातली. एका राज्यातील एका आदेशाने दुसऱ्या राज्यातील तळ्यांवरचे भाव कोसळू शकतात, हा एकाच दिशेच्या बाजारपेठेचा धोका आहे. 2009 मध्ये व्हेनामी कोळंबीच्या संवर्धनास परवानगी मिळाल्यावर अनेकांनी तळी तिच्याकडे वळविली.

या हिशोबात न दिसणारा खर्च सरोवराने सोसला. 1999 मध्ये अभयारण्य व 2002 मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झालेल्या कोल्लेरूच्या पात्रातही बांध घालून तळी झाली होती. 2006 मध्ये शासनाने ती मोठ्या प्रमाणावर तोडली. त्यात बड्या खंडकऱ्यांबरोबरच तळ्यांवर मजुरी करणाऱ्या मच्छीमारांचेही उत्पन्न बुडाले.

महाराष्ट्रात कोकणात समुद्रातील माशांना पसंती असल्याने कार्पना गिऱ्हाईक मुख्यतः देशावर व विदर्भात आहे. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत ढिवर समाजाच्या सहकारी संस्था बीज सोडून मासेमारी करतात. परंतु हे तलाव मूलतः सिंचनाचे असल्याने उन्हाळ्यात पाणी आटते व मासा पुरता वाढण्यापूर्वीच काढावा लागतो. त्या लहान माशाला भाव कमी येतो. जवळच्या बाजारात ताजा मासा पोहोचविणे ही मात्र या संस्थांची जमेची बाजू आहे. बर्फाचा कारखाना व विक्रीची सोय तलावाजवळ असेल तेथेच तिचा लाभ त्यांना घेता येतो.