श्वासातून गुंगी

मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची डबी. एका टोकाला रुग्णाच्या श्वासनलिकेतली नळी, दुसऱ्या टोकाला व्हेंटिलेटरच्या नळ्या, बाजूने सिरिंज पंपाची बारीक नळी. स्वीडनमध्ये तयार झालेली ही डबी आधी ‘अ‍ॅनाकोंडा’ नावाने ओळखली जाई, आता ‘सेडाकोंडा’.

आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन ही भुलीची औषधं ऑपरेशन थिएटरला रोजचीच. आयसीयूत मात्र त्यांना वाफेत बदलणारं यंत्र नसतं, आणि व्हेंटिलेटर सोडलेला श्वास सरळ बाहेर टाकतो. म्हणून तिथे शिरेतून मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल. मिडाझोलाम दिवसेंदिवस शरीरात साचतं. थांबवलं तरी माणूस लवकर शुद्धीवर येत नाही. आयसोफ्लुरेनचं जेमतेम ०.२ टक्के शरीरात मोडतं, बाकीचं फुफ्फुसांतूनच परत जातं. यकृत-मूत्रपिंडं थकलेली असली तरी फारसं अडत नाही. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९८९ मध्येच आयसोफ्लुरेनवरचे रुग्ण मिडाझोलामवरच्यांपेक्षा लवकर सावरतात हे दाखवलं होतं. अडलं होतं ते उपकरणापाशी.

डबीत एक सच्छिद्र दांडी असते. पंपातून येणारं द्रव तिच्यावर उडून जातं आणि वाफ रुग्णाच्या श्वासात मिसळते. शेजारी कार्बनचा थर. बाहेर पडणाऱ्या श्वासातली सुमारे ९० टक्के वाफ तो धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत देतो. माझ्या मते खरा शोध हा थरच. त्याच्यामुळे तासाला काही मिलिलिटर औषधावर भागतं. उरलेली वाफ शोषून घ्यायला वेगळा डबा लागतो, नाहीतर ती नर्सच्या नाकात. पंप रुग्णाच्या डोक्यापेक्षा उंच ठेवायचा नाही, आणि डबी रोज बदलायची.

जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या ३०१ रुग्णांवरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयसोफ्लुरेन गुंगी राखण्यात प्रोपोफॉलपेक्षा कमी पडलं नाही. अफूवर्गातल्या वेदनाशामकांची गरजही कमी लागली. एवढ्यावर हुरळून जाणारे पुष्कळ होते. मग २०२५ मध्ये फ्रान्समधली ‘सेसार’ चाचणी आली: फुफ्फुसं अचानक निकामी होण्याचा मध्यम ते गंभीर आजार (एआरडीएस) झालेले ६८७ रुग्ण, सेव्होफ्लुरेन विरुद्ध प्रोपोफॉल. नव्वद दिवसांनी जिवंत होते सेव्होफ्लुरेनवरचे ४७.१ टक्के, प्रोपोफॉलवरचे ५५.७. आयसोफ्लुरेनला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एआरडीएसच्या रुग्णाला सेव्होफ्लुरेन सुरू करण्याआधी आता दहादा विचार करावा लागेल.