पाहुणा चिवट, यजमान स्टार्चचा!

नॉनस्टिक तवा, पावसात न भिजणारं जॅकेट, तेल न शोषणारा खाऊचा कागद... आपली लाइफस्टाइल ज्या रसायनांच्या जिवावर मस्त चाललीय, त्या कुळाचं नाव पीएफएएस. कार्बन-फ्लोरीनची जोडी इतकी घट्ट, की निसर्गात ती जवळजवळ तुटतच नाही. म्हणून टोपणनाव ‘फॉरएव्हर केमिकल्स’.

हे काही परक्यांचंच दुखणं नाही बरं का! इटलीत विचेंझाजवळच्या मिटेनी कारखान्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकवस्तीच्या भागातलं पाणी नासलं. 2018 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि तिची यंत्रं आली कुठे? आपल्या कोकणात, लोटे परशुरामला. हे वाचल्यापासून मी यावरचे उपाय धुंडाळतोय. त्यातला माझा फेव्हरिट, सायक्लोडेक्स्ट्रिन.

नाव जड, पण माल घरचा. स्टार्चवर एन्झाइमची प्रक्रिया केली की ग्लुकोजच्या 7 रेणूंची गोल कडी बनते, बूड नसलेल्या बादलीसारखी. बाहेरून पाण्याशी दोस्ती, आतून कट्टी. पीएफएएसची शेपटीही पाण्याला वैतागलेली, ती सरळ आत शिरून बसते. रसायनशास्त्रात या जोडीला चक्क यजमान-पाहुणा म्हणतात! कपड्यांवर मारायच्या काही फ्रेशनरमध्ये हीच कडी वास पकडते.

अमेरिकेत विल्यम डिक्टेल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अशा कड्या गुंफून जाळी केली. लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम पीएफओए (या कुळातलं एक बदनाम नाव) होतं, ते 10 नॅनोग्रॅमच्या खाली आलं. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे 4 नॅनोग्रॅम, म्हणजे मजल अजून बाकी होती. पण नेहमीचा कोळशाचा फिल्टर समोर येईल ते पोटात घालतो आणि लवकर भरतो. ही जाळी निवडक, शिवाय मिथेनॉलने धुऊन पुन्हा वापरता येते. आखूड शेपटीवाले मात्र निसटतात. त्यांच्यासाठी मग जाळीत धन भाराचे गट बसवले, कारण या पाहुण्यांचं डोकं ऋण भाराचं असतं.

‘आमच्याकडे आरओ आहे ना!’ असं म्हणाल. आहे, आणि तो यांना बऱ्यापैकी अडवतोही. पण अडवलेलं जातं कुठे? त्या बारीक नळीतून थेट गटारात.

कडीतल्या पाहुण्याचंही तेच. पकडला म्हणजे संपला नाही. 2022 मध्ये डिक्टेल यांच्याच गटाने कॉस्टिक सोडा आणि डीएमएसओ नावाच्या द्रावकात 80 ते 120 अंशांवर तापवून पीएफओएच्या भाऊबंदांचे तुकडे पाडले. पीएफओएस नावाचा चुलतभाऊ मात्र त्या कढईलाही बधला नाही.