सिंगापूर घडलं, पण श्रेय एकट्या ली क्वान यू यांचं?

सिंगापूरवरच्या रील्स आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये एक गोष्ट ठरलेली असते: मासेमारीचं गाव होतं, ली क्वान यू आले आणि एका पिढीत त्याचं सोनं झालं. तात्पर्यही ठरलेलं: "आपल्यालाही असाच खमक्या नेता हवा." यात कितपत तथ्य आहे?

सुरुवात शून्यातून झाली का?

नाही. ब्रिटिशांनी १८१९ मध्ये इथे ठाणं उभारलं, तेव्हापासून हे व्यापारी बंदर वाढत गेलं. ली १९५९ मध्ये पंतप्रधान झाले. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार १९६० मध्ये सिंगापूरचा दरडोई जीडीपी सुमारे ४३० डॉलर होता, भारताचा सुमारे ८०. बेकारी होती, झोपड्या होत्या. पण बंदर आणि व्यापारही होता.

मग सगळं बंदरामुळे झालं का?

दोन बंदरं पाहा. १९६० मध्ये हाँगकाँगचा दरडोई जीडीपी जवळपास सिंगापूरइतकाच होता. तिथे १९९७ पर्यंत ब्रिटिशांचंच राज्य होतं, ली यांच्यासारखा नेता नव्हता. तरीही ते श्रीमंत झालं.

दुसरं एडन, जिथे वासुदेव बळवंत फडके यांचा कैदेत मृत्यू झाला. १९५० च्या दशकात ते जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या बंदरांपैकी एक होतं. १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला, ब्रिटिशही गेले. पुढे सत्तासंघर्ष आणि यादवीत ते मागे पडलं.

थोडक्यात, मोक्याची जागा संधी देते. तिचं काय करायचं, हे राज्यकर्त्यांच्या हातात असतं.

ली यांनी नेमकं काय केलं?

त्यांच्या सरकारने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ आणि १९६१ मध्ये आर्थिक विकास मंडळ स्थापन केलं. जुरोंगची औद्योगिक वसाहत अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी उभी केली. परदेशी कंपन्यांना बोलावण्याचा सल्ला डच अर्थतज्ज्ञ अल्बर्ट विन्सेमियस यांचा. अशा माणसांचं ऐकणं आणि भ्रष्टाचाराला थारा न देणं, हे ली यांचं मोठं श्रेय.

आणि कामगार? १९६८ च्या कायद्यांनी त्यांच्या सुट्ट्या कमी केल्या, संघटनांचे अधिकार आवळले. कारखाने चालले ते त्यांच्या घामावर.

किंमत कोणी मोजली?

१९६३ च्या 'ऑपरेशन कोल्डस्टोअर'मध्ये शंभराहून अधिक जणांना खटल्याविना डांबलं गेलं. माजी खासदार चिया थाय पोह १९६६ पासून २३ वर्षं कैदेत होते. त्यांच्यावर खटला कधी चाललाच नाही.

सगळं श्रेय एकाच माणसाला दिलं, की त्याच्या काळातले तुरुंगही विकासाचा भाग वाटू लागतात. म्हणून पुढचा फॉरवर्ड आला की एवढंच विचारा: घरं, बंदर आणि कारखाने उभारायला त्या २३ वर्षांच्या कैदेची गरज होती का?